पगार पुरत नाही की पटत नाही? नोकरी सोडण्याआधीचा हिशोब

तीन कंपन्यांत मिळून बारा वर्षं मी पगार विभागात काम केलं. इन्क्रिमेंटची पत्रं वाटून झाली की पुढचे पंधरा दिवस आमच्या टेबलासमोर एकेक जण येऊन उभा राहायचा. कुणी सहज विचारल्यासारखं विचारायचा, "माझा नोटीस पीरियड किती हो?" कुणी शिल्लक रजा बघायला सांगायचा. एकदा दोन वर्षं नोकरी झालेला एक मुलगा मोबाइलवर टाइप केलेला राजीनामा घेऊन आला. "ताई, इंग्रजी बरोबर आहे का बघता?" म्हटलं बघते, पण आधी सांग, तुला महिन्याला मिळतात किती? त्यानं सांगितलेला आकडा ऑफर लेटरवरचा होता. खात्यात मात्र त्याहून जवळपास पाव हिस्सा कमी पडत होते. नवी कंपनी देणार होती तो आकडाही ऑफर लेटरवरचाच. म्हणजे हा मुलगा न मिळणाऱ्या एका रकमेची न मिळणाऱ्या दुसऱ्या रकमेशी तुलना करून नोकरी सोडायला निघाला होता.

हा लेख त्याच्यासारख्यांसाठी आहे. पहिली किंवा दुसरी नोकरी, पगारावरून डोकं फिरलेलं, आणि सोडावी की थांबावं ते ठरत नाही. सोडू नका, असं सांगायला मी बसलेली नाही. मी स्वतः दोनदा सोडली आहे. एकदा चुकीच्या हिशोबानं, एकदा बरोबर.

१. हातात किती पडतं ते मोजा

ऑफर लेटर बाजूला ठेवा. बँकेचं गेल्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, पगार म्हणून जमा झालेल्या रकमा एकाखाली एक लिहा, बेरीज करा, बारानं भागा. हा तुमचा पगार.

आता सॅलरी स्लिप घ्या आणि कागदावरच्या आकड्यात आणि या आकड्यात तफावत कुठून आली ते शोधा. कर वगैरे नेहमीच्या कपाती सोडल्या तर ती बहुतेकदा तीन जागी सापडते. एक म्हणजे व्हेरिएबल, म्हणजे पगारातला कामगिरीवर किंवा कंपनीच्या लक्ष्यावर अवलंबून असलेला भाग. पत्रावर छापलेली असते ती जास्तीत जास्त रक्कम. प्रत्यक्षात किती सुटली ते जुन्या स्लिपा सांगतात. दुसरा, निवृत्तिनिधीतला कंपनीचा वाटा. तो तुमचाच आहे, पण आजचा नाही. तिसरा, विम्याच्या हप्त्यासारखे खर्च, जे कंपनी परस्पर भरते आणि पॅकेजमध्ये धरते. यात फसवणूक काही नाही, पण या पैशांतून महिनाअखेरचं भाडं भरता येत नाही एवढं खरं.

पुढचा भाग लोक टाळतात, कारण त्याला प्रामाणिकपणा लागतो. एका साध्या आठवड्यात तुम्ही घरातून कधी निघालात आणि परत कधी आलात ते लिहून ठेवा. रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला असेल तर तेही. समजा कागदावर आठवड्याला ४५ तास आहेत आणि तुमच्या वहीत ६० निघाले, तर तुमचा तासाचा भाव कागदापेक्षा पाव हिश्श्यानं कमी आहे. पगार तोच, पण त्यासाठी द्यावे लागणारे तास जास्त. पुष्कळांची खरी तक्रार इथेच सापडते: पगार कमी नसतो, काम वाढलेलं असतं. तसं असेल तर साहेबांकडे मागायची गोष्टच बदलते.

उलट बाजूचीही नोंद करा. आई-वडिलांना धरून मिळणारा आरोग्यविमा, भरपगारी रजा, घरून काम करायचे दिवस. यांची किंमत ते गेल्यावर कळते.

२. पुरत नाही, पटत नाही, की वाढत नाही?

‘पगार कमी आहे’ या तीन शब्दांत तीन निरनिराळ्या तक्रारी लपलेल्या असतात, आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा. टेबलाच्या पलीकडून इतकी वर्षं ऐकल्यावर मी दोन प्रश्न विचारायला शिकले.

पहिला प्रश्न. उद्या कळलं की तुमच्या कामाच्या सगळ्यांना अगदी तुमच्याएवढाच पगार आहे, तर तुमची तक्रार राहील का? राहील, असं उत्तर आलं तर पगार पुरत नाही. राग निम्मा उतरला तर पगार पटत नाही.

दुसरा. तीन वर्षांत हाच पगार दुप्पट होणार याची खात्री मिळाली, तर आज गप्प बसाल का? हो म्हणत असाल तर तुमचं दुखणं आजच्या आकड्याचं नाही. तो वाढत नाही, हे आहे.

पुरत नाही, ही तक्रार सर्वांत साधी आणि सर्वांत तातडीची. भाडं, हप्ते, घरी पाठवायचे पैसे, औषधं हे गेल्यावर हाती काही उरत नसेल तर मानसन्मानाच्या आणि शिकायला मिळण्याच्या गप्पा बाजूला ठेवा. इथे नोकरी बदलण्याची तयारी आजच सुरू करायची. मात्र ज्याला पगार पुरत नाही, त्याला बिनपगारी राहणं सर्वांत महाग पडतं. म्हणून दुसरी हातात आल्याशिवाय पहिली सोडायची नाही.

पटत नाही, ही तक्रार जरा अवघड आहे. पगार पुरत असतो, गेल्या महिन्यापर्यंत त्याबद्दल काही वाटतही नसतं. मग शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीचा आकडा कानावर येतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका वृत्तपत्रानं तिथल्या सरकारी नोकरांचे पगार वेबसाइटवर टाकले. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या तीन सहकारी अर्थतज्ज्ञांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या निवडक कर्मचाऱ्यांना अशी वेबसाइट आहे एवढंच कळवलं आणि काही दिवसांनी नोकरीविषयी प्रश्न विचारले. २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आपल्या विभागात, आपल्यासारख्या कामात ज्यांचा पगार मधल्या आकड्याहून कमी होता, त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी बघण्याचा विचार बळावला. ज्यांचा जास्त होता, त्यांच्या समाधानात काहीच फरक पडला नाही. पगार कुणाचाच एका पैशानंही बदललेला नव्हता.

म्हणून हा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. सारख्या कामाला सारखा पगार मिळत नसेल, आणि बाईमाणूस आहे म्हणून कमी मिळत असेल तर तो अन्यायच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं समान वेतनाचा करार १९५१ मध्येच केलेला आहे. पण आधी तुलना बरोबर जुळते का ते बघा: काम तेच, अनुभव तेवढाच, जबाबदारी तीच?

एक आतली गोष्टही सांगून ठेवते. नव्या माणसाचा पगार बाजार ठरवतो आणि जुन्याचा पगार त्याचाच गेल्या वर्षीचा पगार ठरवतो. तुम्हाला दर वर्षी मागच्या आकड्यावर अमुक टक्के मिळतात. नवा माणूस मात्र आजच्या भावानं येतो. चार-पाच वर्षांत नवा जुन्याला मागे टाकतो, आणि तसं व्हावं असं कुणीच ठरवलेलं नसतं. हे तुमच्याविरुद्धचं कारस्थान नाही. पण आपण होऊन कुणी दुरुस्त करील, अशी वाट बघण्यातही अर्थ नाही. दुरुस्तीसाठी स्वतंत्र मागणी करावी लागते, नेहमीच्या इन्क्रिमेंटमध्ये ती होत नाही.

वाढत नाही, ही तिसरी तक्रार बहुतेकांना उशिरा कळते, कारण आकडा वाढताना दिसत असतो. पगार वर्षाला ४ टक्के वाढला आणि महागाई ६ टक्के, तर तुमची ऐपत त्या वर्षी साधारण २ टक्क्यांनी घटली. सलग तीन वर्षं असंच चाललं तर साडेपाच टक्क्यांनी. इन्क्रिमेंटच्या पत्रावर अभिनंदन लिहिलेलं असतं, त्यामुळे ही कपात आहे असं कुणाला वाटत नाही. तुमच्या गेल्या तीन वाढी आणि तुमच्या देशातले त्या-त्या वर्षांचे महागाईचे अधिकृत आकडे शेजारी-शेजारी लिहा. पाच मिनिटांचं काम आहे.

३. बाजारभाव काढा

तुमच्या कामाला बाहेर काय भाव आहे, हे कळल्याशिवाय कमी-जास्त ही भाषाच करता येत नाही. पगार सांगणाऱ्या वेबसाइटवरची सरासरी हे फक्त सुरुवातीला बघायचं. एकाच पदनामाखाली दहा माणसांची कंपनी आणि दहा हजारांची कंपनी तिथे एका ओळीत येतात.

त्यापेक्षा वर्षा-दीड वर्षापूर्वी तुमच्याच कामावरून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करा. "तुला किती मिळतात?" असं विचारलं तर माणूस बिचकतो. "माझ्याएवढ्या अनुभवाला तुमच्याकडे साधारण कितीपासून कितीपर्यंत देतात?" असं विचारलं तर सांगतो. आणि दोन-तीन ठिकाणी मुलाखती द्या. मुलाखत दिली म्हणजे नोकरी सोडली असं होत नाही, आणि हातात आलेल्या ऑफरसारखा पक्का बाजारभाव दुसरा नाही. फक्त जायचंच नाही हे ठरलेलं असताना एखाद्याला शेवटच्या फेरीपर्यंत झुलवत ठेवू नका. या क्षेत्रांत माणसं फिरून-फिरून तीच भेटतात.

यातून एकच आकडा निघणार नाही, पट्टा निघेल. त्या पट्ट्याच्या तळाशी असाल तर तुमची तक्रार पक्की. मधोमध असाल आणि तरी राग येत असेल तर कारण बहुधा दुसरंच आहे: साहेब, कामाचा कंटाळा, न मिळालेली बढती. पगारावर बोट ठेवणं सोपं असतं, म्हणून पगाराचं नाव पुढे येतं.

४. मागा, पण वेळेवर

राजीनामा द्यायला आलेल्यांना मी विचारायचे, "मागितलात का?" बऱ्याच जणांचं उत्तर, "त्यांना कळायला नको?" नाही कळत हो. तुमच्या साहेबांच्या हाताखाली पंधरा माणसं आहेत, त्यांना वरून एक ठरावीक रक्कम मिळालेली आहे, आणि जो काही बोलत नाही तो समाधानी आहे असं धरून चालणं त्यांना सोयीचं आहे.

वेळ महत्त्वाची. इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडल्यावर भांडायला जाणं म्हणजे निकाल लागल्यावर पेपर लिहायला बसणं. तोवर आकडे वरून मंजूर होऊन आमच्याकडे पोचलेले असतात आणि बदलायचे तर तीन-चार सह्या पुन्हा लागतात. त्याच्या दोन-तीन महिने आधी, याद्या बनत असताना, बोला. आपल्याकडे त्या कधी बनतात ते पगार विभागातल्या कुणालाही विचारा. यात लपवण्यासारखं काही नसतं.

बोलायला जाताना एका कागदावर तीन-चार ओळी न्या. गेल्या वर्षात तुमच्यामुळे काय घडलं: कोणतं काम वाचलं, कोणतं गिऱ्हाईक टिकलं, दुसऱ्याचं कुठलं काम तुमच्याकडे आलं आणि तिथेच राहिलं. घरभाडं वाढलं, लग्न ठरलं ही कारणं सांगू नका. ती खरी असतात, पण साहेबांना वरच्याला सांगता येत नाहीत. तुमच्या साहेबांना तुमच्या वतीनं आणखी कुणाशी तरी भांडायचं आहे, तेव्हा त्यांच्या हातात वापरता येईल असा मुद्दा द्या.

साधारण असं बोला: "सर, मी दोन वर्षं हे काम करतेय. मार्चपासून बिलिंगही माझ्याकडे आहे. अशा कामाला बाहेर अमुक ते अमुक देतात, ते मी बघितलंय. माझा पगार तमुक व्हावा अशी माझी विनंती आहे." आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं सर्वांत जड जातं. पाच सेकंदांची शांतता सहन न होऊन "म्हणजे, जमलं तर बघा, नाही तर राहू दे" असं बोलून स्वतःची मागणी स्वतःच मोडीत काढलेली माणसं मी पाहिली आहेत. साहेबांच्या केबिनचं दार माझ्या टेबलापासून चार पावलांवर होतं, आणि ते नीट लागत नसे.

आकडा सांगायला भीती वाटते, कारण आपण गेलो तर कंपनीचं काय बिघडतं असं वाटत असतं. बिघडतं. हेन्री फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ मध्ये माणसं इतकी सोडून जात होती की सुमारे १४ हजार कामगार टिकवायला वर्षभरात ५० हजारांहून जास्त भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं दिवसाची मजुरी जवळपास दुप्पट करून ५ डॉलरवर नेली आणि कामाचे तास नऊवरून आठ केले. उदार म्हणून नव्हे. रोज नव्या माणसाला शिकवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडलं. तुमच्या जागी येणाऱ्याला शोधायचं, शिकवायचं, आणि तो बाजारभावानं येणार, हा हिशोब तुमचे साहेबही करतात.

उत्तर तीन प्रकारचं येतं. ‘हो’ आलं तर कधीपासून ते विचारा. ‘नाही’ आलं तर तेही बरंच; निर्णय सोपा होतो. ‘बघू’ हे उत्तर सर्वांत फसवं. त्यावर विचारा, "कधी विचारू परत? आणि तोपर्यंत मी काय केलं तर हो येईल?" मग त्याच संध्याकाळी दोन ओळींची मेल टाका: आज असं बोलणं झालं, अमुक तारखेला पुन्हा भेटायचं ठरलं. त्या तारखेला पुन्हा जा. दुसऱ्यांदाही ‘बघू’ आलं तर ते ‘नाही’ समजायचं. मी दुसरी नोकरी सोडली ती अशीच, दोन ‘बघू’ मोजून.

पगार अडला असेल तर बाकीचं मागून बघा: एक दिवस घरून काम, एखाद्या कोर्सचा खर्च, पुढच्या नोकरीत उपयोगी पडेल असं पदनाम. ‘काम वाढलंय’ ही खरी तक्रार असणाऱ्यांनी तर पैशांआधी तास मागावेत.

५. दुसरी ऑफर हातात आली तर

आता माझी चूक. पहिली नोकरी सोडली तेव्हा कागदावर ३० टक्के वाढ होती. जुना पगार १०० धरला तर नवा १३०. त्यातले २० व्हेरिएबल, हे मी वाचलं होतं, पण ‘मिळतीलच’ असं समजून. पहिल्या वर्षी कंपनीचं लक्ष्य पुरं झालं नाही आणि ते २० आले नाहीत. राहिले ११०. शिवाय पहिल्या ठिकाणी पाच दिवसांचा आठवडा होता, येण्याजाण्यासकट ५० तास. नव्या ठिकाणी सहा दिवस आणि अंतर जास्त, ६३ तास. आकडेमोड मी सातव्या महिन्यात, शनिवारी संध्याकाळी, ऑफिसातच केली. १०० भागिले ५० म्हणजे २. ११० भागिले ६३ म्हणजे पावणेदोन. वाढ मिळाली म्हणून नोकरी बदलली होती आणि तासाचा भाव आठव्या हिश्श्यानं उतरला होता. पगार विभागात काम करणाऱ्या बाईची ही गत.

तेव्हा ऑफर आली की पहिल्या पायरीतला हिशोब तिलाही लावा. एचआरला सरळ विचारा: सगळ्या कपाती जाऊन पहिल्या महिन्यात खात्यात किती येतील? व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत सरासरी किती टक्के सुटलं? पुढची पगारवाढ कधी, आणि अर्धवट वर्षाच्या माणसाला ती लागू होते का? जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो? ही उत्तरं मेलवर घ्या. फोनवरचा उत्साह पगारात जमा होत नाही.

प्रवासाला लोक फार हलकं घेतात. जर्मनीतल्या लोकांच्या वर्षानुवर्षांच्या माहितीवरून आलोइस स्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी २००८ मध्ये दाखवलं की ज्यांचा कामाला जाण्यायेण्याचा वेळ जास्त, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. लांबची नोकरी घेताना माणूस पगारात किंवा घरात त्याची भरपाई होईल असं धरून चालतो. ती पुरती होत नाही.

मग वाढ किती असली तर जावं? माझा स्वतःचा ठोकताळा: तासाच्या भावात, व्हेरिएबल सोडून, पाचवा हिस्सा तरी वाढ दिसली पाहिजे. त्याहून कमी असेल तर नव्या जागी पुन्हा पत निर्माण करण्याचा त्रास वसूल होत नाही. काम शिकायला मिळणार असेल तर मात्र मी हा नियम मोडीन. पहिल्या पाच वर्षांत तर नक्कीच.

६. हातात काहीच नसताना सोडायची असेल तर

शक्यतो नको. ‘मोकळा झालो की नीट शोधीन’ हे ऐकायला बरं वाटतं. पण २०१३ मध्ये छापून आलेला एक प्रयोग बघा. क्रॉफ्ट, लांग आणि नोटोविडिग्डो या तिघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या १०० शहरांत सुमारे १२ हजार बनावट अर्ज पाठवले. उमेदवार किती महिने घरी बसलेला आहे, एवढं बदलत ठेवलं. बिनकामाचे महिने जसे वाढले तसं मुलाखतीचं बोलावणं कमी होत गेलं, आणि ही घट बरीचशी पहिल्या आठ महिन्यांतच झाली.

मोकळ्या वेळाचंही तसंच. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल या गावातली कापडगिरणी जागतिक मंदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि जवळजवळ सारं गाव बेकार झालं. मानसशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला, तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. वेळच वेळ असूनही वाचनालयातून घरी नेली जाणारी पुस्तकं जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्यानं चालायचेसुद्धा सावकाश. त्या लोकांनी नोकरी स्वखुशीनं सोडली नव्हती, हा फरक मोठा आहे. तरी नोकरी पगारासोबत दिवसाला आकार देते, तो गेल्यावर नुसत्या मोकळ्या वेळातून तयारी होत नाही, हे मी ओळखीच्या दोघांच्या बाबतीत पाहिलं आहे.

सोडायचीच असेल तर किती महिने निघतील ते मोजा. महिन्याचा खर्च ६० आणि हाताशी बचत ३०० असेल तर पाच महिने. त्यातला एक वजा करा, कारण कंपनीचा विमा गेल्यावर तो हप्ता तुमच्यावर येतो आणि काही ना काही मोडतंच. उरले चार. नवी नोकरी मिळून पहिला पगार खात्यात पडायला चार महिने सहज जातात. सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसेल तर मी हे करणार नाही.

अपवाद आहेत, आणि तिथे वरचं सगळं विसरा. पगार वेळेवर होत नसेल, दोन महिने थकला असेल, कापलेली कर किंवा निधीची रक्कम पुढे भरली जात नसेल, तर तो ‘कमी पगारा’चा प्रश्न नव्हे. ‘पुढच्या महिन्यात एकदम देऊ’ यावर थांबू नका. थकलेली रक्कम लेखी मागा आणि शोध सुरू करा. तब्येत ढासळत असेल, किंवा खोट्या कागदावर सही मागत असतील, तरी तसंच.

७. तारखा

इथे पैसे फुकट जातात, तेही निव्वळ कॅलेंडर न बघितल्यामुळे. नियुक्तिपत्र काढून एवढं बघा: नोटीस किती आणि ती भरून न काढल्यास किती कापतात, वार्षिक बोनस ज्या दिवशी वाटतात त्या दिवशी तुम्ही नोकरीत, नोटीस न दिलेले, असायला हवे का, दीर्घ सेवेचा काही लाभ असेल तर तो नेमका किती वर्षं पुरी झाल्यावर लागू होतो, शिल्लक रजेचे पैसे मिळतात की रजा बुडते, ट्रेनिंगचा काही करार केलेला आहे का, अ‍ॅडव्हान्स किंवा कंपनीचं कर्ज किती राहिलंय. लाभाला पात्र व्हायला अकरा दिवस कमी असताना गेलेला एक माणूस मला आठवतो. त्याला कुणी घाई केलेली नव्हती. राग आला होता, एवढंच.

८. तरीही ठरत नसेल तर

सगळे आकडे मांडून पारडं मधोमध राहिलं, असंही होतं. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी अशाच अडलेल्या लोकांना ऑनलाइन नाणं उडवायला दिलं. नोकरी सोडावी का, हा त्यातला एक प्रश्न होता. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. सहा महिन्यांनी विचारलं तेव्हा मोठ्या निर्णयांच्या बाबतीत ज्यांना नाण्यानं ‘बदल करा’ सांगितलं होतं, त्यांनी तो जास्त प्रमाणात केलेला होता, आणि ते जास्त सुखीही होते. हे लोक आपणहून आलेले आणि आधीच कुंपणावर बसलेले होते, त्यामुळे हा सगळ्यांना लागू होणारा कायदा नव्हे. पण महिनोन् महिने अडलेला माणूस जुन्या जागेला गरजेपेक्षा जास्त चिकटतो, असं मला यावरून वाटतं. पारडं खरोखर मधोमध असेल आणि ऑफर हातात असेल, तर मी जाण्याच्या बाजूनं झुकेन.

९. राजीनामा आणि त्यानंतर

आधी साहेबांना तोंडी सांगा, मग लगेच लेखी द्या. पत्रात राजीनामा देत असल्याचं, नोटीसप्रमाणे शेवटचा दिवस कोणता ते, आणि आभार. पगाराबद्दल एक शब्द नको. ते पत्र तुमच्या फाइलमध्ये राहतं आणि पुढची कंपनी चौकशीला फोन करते तेव्हा कुणीतरी ती फाइल उघडतं.

मग ‘थांब, वाढवून देतो’ येऊ शकतं. त्यावेळी दुसऱ्या पायरीतलं आपलं उत्तर आठवा. तक्रार फक्त ‘पुरत नाही’ अशी होती, आणि वाढ लेखी, पुढच्याच पगारापासून मिळत असेल, तर थांबायला हरकत नाही. ‘पटत नाही’ असेल तर सावध. दोनदा मागून न मिळालेले पैसे राजीनामा दिसताच दोन दिवसांत निघाले, म्हणजे ते होते, फक्त तुम्हाला द्यायचे नव्हते. शिवाय पुढच्या वर्षीची वाढ याच वर्षी दिलेली असण्याचा संभव असतो. आमच्याकडे अशा थांबलेल्यांच्या नावापुढे पुढच्या यादीत बहुतेकदा सर्वांत लहान टक्का असायचा.

तो मोबाइलवाला मुलगा त्या दिवशी परत जागेवर गेला. चार महिन्यांनी आला तेव्हा तोच राजीनामा, फक्त कंपनी दुसरी. आकडे त्यानं वहीच्या पानावर मांडून आणले होते, हातात येणारे. मी फक्त शेवटच्या दिवसाची तारीख दुरुस्त केली. नोटीसचे दिवस मोजताना त्याचा एक दिवस चुकला होता.

शेवटचं, कारण यासाठीचे फोन मला अजून येतात: राजीनामा देण्याआधी सगळ्या सॅलरी स्लिपा, कराचे कागद, नियुक्तिपत्र आणि इन्क्रिमेंटची पत्रं घरच्या मेलवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. फक्त तुमचे स्वतःचे कागद, कंपनीची एकही फाइल नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं. नंतर फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडल्यावरच्या देण्याघेण्याचा, हिशोब येईल तेव्हा त्यात रजेचे दिवस, नोटीसची कपात आणि त्या महिन्याचे भरलेले दिवस हे तीन आकडे ताडून बघायला हेच कागद लागतात, आणि चूक सापडली तर कळवायला जुन्या ऑफिसातल्या एका तरी माणसाचा नंबर.